चुंबकघरातले तीन दिवस

आमगाव
१५ फेब्रुवारी २०२५

धुरपता,

मी राजकुमारी. जियालाल टेंभऱ्यांची मोठी पोरगी. नाव वाचूनच कागद चुलीत घालावासा वाटला तर घाल, पण त्याआधी एक ओळ वाच. तुझ्या बाबानं काहीच चोरलं नव्हतं.

पंचावन्न वर्षं हे वाक्य माझ्याजवळ होतं. आज लिहून पाहिलं तर अर्धी ओळसुद्धा भरली नाही.

तुझा पत्ता परवा कचारगडच्या यात्रेत मिळाला. बालाघाटकडून येणाऱ्या जत्थ्यांत मी दरवर्षी तुझी चौकशी करते. यंदा एका पोरानं "ते तर माही आजी होय" म्हटलं. तुझा विक्की. आजी यात्रेला काऊन येत नाही, असं विचारलं तर म्हणाला, दरेकसाचं नाव काढलं की ती उठून आत जाते. मी त्याला सांगितलं की आपण एका शाळेत होतो. तेवढं तर खरं आहे.

आता आज काऊन लिहिते ते सांगते. दरेकसाजवळच्या आपल्या वस्तीवरचं, टोल्यावरचं चुंबकघर तू विसरली नसशील. ते ज्यांचं होतं, ती राष्ट्रीय भूचुंबक संस्था आता आपल्या पहिल्या दहा वर्षांचा इतिहास छापते आहे. तिथली नूतन नावाची संशोधक जानेवारीत माझ्या घरी आली. तिशीची असेल. तिच्याकडून जे ऐकलं ते आपल्याला लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. संस्था निघाली तेव्हा नागपुरात भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि सगळी मिळून अकरा माणसं. पृथ्वीचं चुंबकत्व दिवसभर थोडंथोडं बदलत असतं, ते रोज मोजायला त्यांनी देशात चार चौक्या बांधल्या. त्यातली दुसरी आपली, १९६४ सालची. टेकडीतल्या दगडात लोखंड नव्हतं आणि रेल्वेचा रूळ पुरेसा दूर होता, म्हणून. अख्ख्या घरात एक खिळा नाही. सागाच्या खुंट्या, पितळेच्या बिजागऱ्या. भिंतीचा एकेक दगड होकायंत्राजवळ धरून पारखलेला.

जागा कुणी दाखवली हे त्यांच्या कागदांत नाही. ती तुझ्या बाबानं, बकारामकाकानं दाखवली. चौकी सांभाळणारे माझे बाबूजी होकायंत्र घेऊन बसायचे आणि तुझा बाबा उन्हात एकेक दगड उचलून पुढे ठेवायचा आणि लांब सरायचा. काटा हलला की दगड बाजूला. आपण दोघी त्या बाजूला टाकलेल्या दगडांवर बसून बोरं खायचो.

नूतननं छापायचं एक पान मला वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं, 'मार्च १९७० मध्ये चौकीदार बकाराम उईके हा कालमापक घड्याळ घेऊन फरार झाला. त्यानंतर दोन वर्षांनी ही चौकी बंद करण्यात आली.' बाबूजींच्या अहवालातलंच वाक्य आहे. त्याच वाक्यापायी तुझ्या मायला, वच्छलाकाकीला तीन दिवस ठाण्यात बसवलं होतं, आणि त्याच वाक्यापायी तुम्ही रातोरात टोला सोडला.

नूतननं विचारलं, तुमच्या वडिलांनी काही कागद मागे ठेवलेत का? मी नाही म्हटलं. ती गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन बाबूजींच्या कागदांच्या पेटीवर बसले.

पुस्तक एप्रिलमध्ये छापायला जातं. मी तिला पेटी देणार आहे. तिच्याआधी तुला कळावं, म्हणून हे.

राजकुमारी

*

आमगाव
२७ फेब्रुवारी २०२५

धुरपता,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पेटी नूतनला दिली. माझ्याच टेबलावर बसून तिनं ती पाहिली, आणि काय निघालं ते तुला सांगायलाच हवं.

चुंबकघराच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत काय होतं, ते आधी सांगते. केसासारख्या धाग्याला बारीक चुंबक टांगलेलं, त्याला छोटा आरसा. आरशावरून दिव्याचा उजेड एका ढोलावर पडायचा. ढोलाला फोटोचा कागद गुंडाळलेला असायचा. ढोल दिवसात एक फेरा करी आणि उजेड त्या कागदावर रेघ ओढत जाई. आत कुणी लोखंड घेऊन आलं की रेघ उडायची. त्याला बाबूजी दात म्हणत.

बकारामकाकाच्या दंडात लोखंडी कडं होतं. पोरपणी घातलेलं, हाताबरोबर वाढलं नाही, निघत नव्हतं. नागपूरवाल्यांनी लिहिलं की असा माणूस चुंबकघरात चालणार नाही. बाबूजींनी उलट लिहिलं की हा माणूस नसेल तर चौकी चालणार नाही. मग असं ठरलं की काका आत आला की त्या दातावर पेन्सिलीनं 'ब' लिहायचं. म्हणजे नागपूरला कळावं, इथे पृथ्वी हलली नाही, बकाराम आला होता. नूतनला हे फार आवडलं. "काकांची हजेरीच आहे की ही," म्हणाली.

मग तिच्या हातात मार्च १९७० चा तो कागद आला.

कागद रोज बदलायचा असतो. हा तीन दिवस बदललेला नव्हता. तीन दिवसांच्या रेघा एकीवर एक. त्या आठवड्यात बाबूजी रजा न टाकता गोंदियाला गेले होते. संस्थेचं मोठं पितळी घड्याळ त्यांच्या हातून पडून बंद झालं होतं. नागपूरला कळायच्या आत ते घड्याळजीकडून चालू करून आणायचं होतं. मंगळवारी सकाळी गेले, घड्याळ तयार झालं नाही म्हणून ते तिथेच ठेवून गुरुवारी सांजेला आले. मागे सगळं बकारामकाकावर सोपवलं होतं, आणि तसं सोपवायची परवानगी नव्हती. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

नूतननं बोट ठेवलं. मंगळवार, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. काकाचा दात. काका आत आला.

"आणि मॅडम, ही रेघ परत खाली आलीच नाही."

माणूस बाहेर गेला की रेघ आपल्या जागेवर येते. ही आली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, चौकी बंद होईपर्यंतच्या दोन वर्षांत नाही. कडं चुंबकघरातून बाहेर गेलंच नव्हतं.

जमिनीत एक सागाची जड फळी होती. ती उचलून काका खाली कोळसा टाकायचा, आतला ओलावा शोषला जावा म्हणून. त्या फळीखाली खडकाला अरुंद खोल चीर होती. २००९ च्या उन्हाळ्यात, शेवटच्या आजारात बाबूजींनी हे मला सांगितलं. फळीला लावलेला टेकू निसटला असावा. काका खाली गेला आणि फळी वरून बसली.

धुरपता, पुढचं तू कुणाजवळ तरी बसून वाच.

ती रेघ सरळ नव्हती. मंगळवारच्या रात्रभर तिच्यावर बारीक बारीक दात होते. बुधवारीही होते. मग दोन दातांमधलं अंतर वाढत गेलं. शेवटचा दात गुरुवारी सकाळी सातचा. नूतननं त्या दातांवरून बोट पुढे नेलं. मग म्हणाली, "हात हलत होता."

बाबूजींनी कागद शुक्रवारी धुतला तेव्हा त्यांना कळलं. ते गेले, फळी उचलली, हाका मारल्या, दोरानं कंदील सोडला. मग फळी परत बसवली. खरं लिहिलं असतं तर त्यांची गैरहजेरी निघाली असती आणि घड्याळही. म्हणून त्यांनी लिहिलं की घड्याळ घेऊन बकाराम पळाला. दुरुस्त झालेलं घड्याळ त्यांनी गोंदियाहून कधी आणलंच नाही.

त्यानंतर दोन वर्षं ते रोज त्याच खोलीत जाऊन, त्याच फळीवर उभं राहून कागद बदलत होते. नागपूरला ते आता नुसते आकडे कळवत, कागद या पेटीत ठेवत. आणि रोजच्या कागदावर, चढलेल्या त्या रेघेजवळ, पेन्सिलीनं 'ब' लिहिलेला आहे. नूतननं मोजले, सातशेच्या वर भरले. हजेरीबुकात नाव खोडलेलं, आणि इथे एक दिवसाचा खाडा नाही.

शेवटची सहा वर्षं बाबूजी खाटेवर झोपले नाहीत. भुईवर, एक कान खाली लावून. डॉक्टर म्हणाले, कान दुखत असेल.

त्यांचा दोष मी झाकणार नाही. तो पुस्तकात जाऊ दे.

राजकुमारी

*

आमगाव
११ मार्च २०२५

धुरपता,

तुझं पत्र मिळालं. विक्कीच्या अक्षरातल्या चार ओळी, पण बोलणं तुझंच आहे. 'माय बुधवारी दिवस बुडता चुंबकघराकडे गेली होती. लई हाका मारल्या. दाराले बाहेरून कडी होती म्हणून वापस आली. मरेपर्यंत तेच बोलत राहिली, कडी होती म्हणून वापस आली. तो आत होता त कडी कोणं लावली?'

वच्छलाकाकी तिथवर गेली होती हे मला माहीत नव्हतं. पत्र वाचून मी दिवसभर घरातलं एकही दार लावलं नाही.

हाच प्रश्न दुसऱ्या वाटेनं नूतननंही विचारला होता, आणि मागच्या पत्रात मी तो तुझ्यापासून लपवला. त्या कागदावर बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी एक वेगळाच दात आहे. काकाच्या दातांसारखा नाही. मोठा, टोकदार. वर जातो, दहा-पंधरा मिनिटं वर राहतो आणि परत होता तिथे येतो. म्हणजे कुणीतरी दुसरं लोखंड घेऊन आत आलं, थांबलं आणि निघून गेलं. नूतननं विचारलं, "मॅडम, हे कोण?" मी म्हटलं, काय माहीत बाप्पा. आणि चहा टाकायला उठले. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तो मी घेतला नाही.

ती मी होते. माझ्या हातात विळा होता.

म्हशीसाठी चारा कापायला गेले होते. अकरा वर्षांची होते. आत काय आहे ते पाहायची आपल्या दोघींना केवढी हौस होती, आणि बाबूजी गावात नव्हते. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले तर गार, अंधार, आणि एका कोपऱ्यात लाल दिवा. ढोलाचा टिकटिक आवाज. आणि पायाखालून खट्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा खट्.

मला भीती वाटली नाही. बाबूजी म्हणायचे, जमीन बोलते आणि आपलं यंत्र ते लिहून घेते. मला वाटलं, हेच ते बोलणं. रात्रभर ओरडून काकाचा घसा बसला असेल, हे नंतर कळलं. मी ऐकत उभी राहिले. मग बाबूजींची काठी आठवली. मी आत येऊन गेले हे कुणाला कळू नये, दार होतं तसं नीट बंद दिसावं, म्हणून बाहेर येऊन मी कडी लावली.

त्याच सकाळी तू मला विहिरीवर विचारलं होतंस. "माहा बाबा राती घरी नाही आला, तुह्या बाबूजीसंगं गोंदियाले गेला का वं?" मी म्हटलं, "गेला असन." सकाळी तुझा प्रश्न, दुपारी तो आवाज. दोन्ही एकाच दिवशी, आणि माझ्या डोक्यात ते एकमेकांजवळ आले नाहीत. अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात नाही आले म्हणून कुणी मला माफ करेल. पण शुक्रवारी आले. शुक्रवारी बाबूजी चुंबकघरातून आले, ताटावर बसले आणि न जेवता उठले. त्यांचा चेहरा पाहून मला सगळं कळलं. मग तुमच्या दारात पोलीस आले, तू रडत होतीस, आणि मी आमच्या घरामागच्या सांदवाडीत उभी राहून पाहत होते. तेव्हा बोलले नाही. त्याची माफी नाही.

बाबूजींनी मरायच्या चार दिवस आधी माझा हात धरला.

"विळा तुहाच होता ना?"

मी हो म्हटलं.

"म्हणून तो कागद नागपूरले नाही पाठवला," म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

जन्मभर मी त्यांना नोकरीसाठी खोटं बोललेला माणूस समजत होते. तेही होतंच. पण गुरुवारी सांजेला ते परत आले तेव्हा वाचवायला कुणी उरलं नव्हतं. बुधवारी दुपारी उरलं होतं. तेव्हा आत मी होते.

हे सगळं लिहून, सही करून मी नूतनला दिलं आहे. संस्थेनं तहसीलदारांना पत्र दिलं. वीस तारखेला पोलिसांसमक्ष जमीन उघडणार आहेत. तुम्ही आपल्या रीतीनं जे करायचं ते करायला या. माझं तोंड पाहायचं नसेल तर मी येणार नाही. तेवढं विक्कीकडून कळव.

राजकुमारी

*

आमगाव
२६ मार्च २०२५

धुरपता,

तू काहीच कळवलं नाहीस म्हणून मी आले आणि लांब उभी राहिले. तू ओळखलंस. चोपन्न-पंचावन्न वर्षांनी पाहत होते, पण चालणं अगदी वच्छलाकाकीचं.

तू मोहाच्या झाडाखाली बसलीस. फुलांचा सडा पडला होता आणि त्या दिवशी कुणी वेचत नव्हतं. चुंबकघराचं छप्पर कधीच गेलंय, भिंती आणि मधला दगडी खांब तेवढा आहे. फळी छपराच्या ढिगाऱ्यात रुतून बसली होती, ती उचलायला चार माणसं लागली. खाली नऊ हात खोल, एक माणूस जेमतेम मावेल एवढी जागा. जे वर आलं ते तू पाहिलंस, मी पुन्हा लिहीत नाही. कडं हाडावर तसंच होतं. हवालदारानं विचारलं, नातेवाईक कोण, आणि तू उठून पदर पुढे केलास. रडली नाहीस. तुमच्या माणसांनी हळद लावली, नाव घेतलं आणि त्याला घेऊन निघाले.

पुस्तकातलं वाक्य बदललं आहे. छापायला जाणारं पान नूतननं मला पाठवलं. 'चौकीची जागा निवडणारे व पुढे सेवेत असताना येथेच मृत्यू पावलेले पहिले कर्मचारी, बकाराम उईके.' घड्याळाचं आणि बाबूजींचं खाली लिहिलं आहे. माझंही आहे. मी नको म्हटलं नाही.

निघताना तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस आणि एकच विचारलंस.

"त्याले समजलं होतं का, वर कोणी आहे म्हणून?"

सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "नाही."

तू मान हलवलीस. मला वाटलं, तुझा जीव थोडा खाली बसला. त्यासाठीच मी नाही म्हटलं, असं मी स्वतःला पाच दिवस सांगत राहिले. आता ते जमत नाही, आणि कारण सांगते.

जमीन उघडायच्या आदल्या दिवशी नूतन पेटी घेऊन माझ्याकडे आली होती. तिनं त्या दोन वर्षांचे सगळे कागद एकेक करून पाहिले. काका गेल्यानंतरचे. म्हणाली, प्रत्येक कागदावर दुपारी चार दहाच्या सुमाराला रेघ बारीकशी हलते. तीनदा, लागोपाठ. मग शांत. सूर्यामुळे रेघ हलते, पण तो घड्याळ पाहून हलवत नाही. उंदीर-घूस म्हणावं तर रोज एकाच वेळी कशी? "मला कारण माहीत नाही, मॅडम. आणि मी ते पुस्तकात लिहिणार नाही." पेटी तिनं त्या रात्री माझ्याकडेच ठेवली. विश्रामगृहावर न्यायची नाही म्हणाली.

कारण मला माहीत आहे. ते नूतनला सांगितलं नाही, पोलिसांना सांगितलं नाही. तुला सांगते, कारण ते तुझं आहे.

त्या बुधवारी मी नुसती ऐकत उभी नव्हते. खालून आवाज आला तेव्हा मी खाली बसले आणि विळ्याच्या मुठीनं फळीवर तीनदा ठोकलं. खट् खट् खट्. थोडा वेळ काही नाही. मग खालून तीनदा आलं. मी पुन्हा ठोकलं, पुन्हा तीनदा आलं. मला इतकं हसू आलं, धुरपता. जमीन माझ्याशी बोलत होती. तिसऱ्यांदा तर मी ठोकायच्या आधीच त्यानं ठोकलं, घाईघाईनं, जोरानं.

मग मला उशीर होऊ लागला. मी फळीला तोंड लावलं आणि म्हटलं, "उद्या येतो, ह्याच टायमाले."

खालून तीनदा ठोकल्याचा आवाज आला. या खेपेला हळू, एकेक करून.

त्याला समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मी आमच्या अंगणात सागरगोटे खेळत होते.

राजकुमारी